पोझिशन १९ वरचा उकार

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा एक कारखाना आहे. तिथली लेबलं आणि पॅकिंगच्या याद्या छापायला पायथॉनमध्ये लिहिलेलं एक छोटं पॅकेज आम्ही वापरतो. मालाचं नाव, साइज, वजन, सुताचा काउंट, माल ज्याच्याकडे जायचा त्या व्यापाऱ्याचं नाव-गाव, सगळं त्यातून छापून निघतं आणि मराठीतून निघतं. पॅकेज लिहिलं माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाने. तो आता पुण्यात नोकरीला आहे. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे ते विनातक्रार चालायचं. ऑफिसात विंडोजचं नवं मशीन आलं, त्यावर पॅकेज बसवायला घेतलं आणि पिपने, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामने, लाल अक्षरांचा ढीग ओतला.

ऑफिस मालकांच्या सूनबाई सांभाळतात. मी त्यांना वहिनी म्हणते, मालकांना सगळ्यांसारखंच अण्णा. दिवाळीच्या आधीच्या ऑर्डरी बांधून पडल्या होत्या आणि लेबलांवाचून गठ्ठे बाहेर जाईनात. वहिनींनी त्यांच्या परीने दोन-तीनदा पिप चालवून पाहिलं होतं. "तेच म्हणलालंय बघा मॅडम," म्हणत त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

पिपचा हा ढीग वाचायची एक रीत आहे. अगदी खाली असतं की चूक सबप्रोसेसमधून, म्हणजे पिपने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रामातून, आली, पिपचा बहुधा दोष नाही. माणूस तिथेच थांबतो, कारण त्यातून काहीच कळत नाही. कामाच्या ओळी त्याच्या वर असतात. आमच्याकडे त्या ओळींत पहिल्यांदा सेटअप डॉट पीवाय या, पॅकेज कसं बसवायचं ते सांगणाऱ्या फाइलीचं नाव होतं. त्याखाली पायथॉनच्याच एन्कोडिंग्ज फोल्डरमधल्या सीपी-१२५२ या फाइलीचं. आणि शेवटी युनिकोड डिकोड एरर: 'चारमॅप' कोडेकला (बाइटांची अक्षरं करणाऱ्या भागाला) पोझिशन १९ वरचा ८१ हा बाइट उलगडता येत नाही.

एवढ्यात निदान झालेलं असतं. सेटअप डॉट पीवाय पॅकेजचं वर्णन घेण्यासाठी रीडमी फाइल उघडते. उघडताना ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करायच्या कोणत्या रीतीत, आहे हे सांगितलेलं नाही. मग पायथॉन मशीनला विचारतो, तुझ्याकडे काय चालतं? लिनक्स सांगतं यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडची रीत. इंग्रजी (भारत) अशा मांडणीचं विंडोज सांगतं सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला एका बाइटला एक अक्षर असा जुना तक्ता. रीडमी यूटीएफ-८ मध्ये, वाचणारा सीपी-१२५२ ने. जपानीला ९३२, रशियनला १२५१ अशी कोडपेजेस, म्हणजे त्या त्या भाषेचे तक्ते, विंडोजमध्ये आहेत, देवनागरीला मशीनची भाषा म्हणून लावता येईल असं कोडपेज नाहीच. मराठीला तिथे पहिल्यापासून युनिकोडच. त्यामुळे आपल्याकडे "मशीनची भाषा मराठी करा" या सल्ल्याने हे सुटत नाही.

पण १९ हा आकडा मला सोडवेना. रीडमीची पहिली ओळ होती: हॅश, एक जागा, आणि मग "सोलापुरी चादर". मी वहिनींना शेजारी बसवून कागदावर मोजून दाखवलं. संगणक शून्यापासून मोजतो. हॅश शून्यावर, जागा एकवर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि इथे काना, मात्रा, उकार ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. स दोन ते चार. ओकार पाच ते सात. ल आठ ते दहा. काना अकरा ते तेरा. प चौदा ते सोळा. त्यानंतर ऱ्हस्व उकार, सतरा, अठरा, एकोणीस. त्या उकाराचे तीन बाइट म्हणजे ई०, ए५ आणि ८१. (ही मोजणी सोळाच्या पायाची, म्हणून आकड्यांत अक्षरं येतात.) एकोणिसाव्या जागी ८१. एररने अगदी "पु" मधल्या उकारावर बोट ठेवलं होतं.

सीपी-१२५२ च्या तक्त्यात २५६ घरं आहेत. त्यातली पाच रिकामी: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. या पाचांपैकी एखादा बाइट समोर आला की पायथॉन थांबतो. बाकी कोणताही आला तर त्या घरात जे चिन्ह असेल ते उचलतो आणि पुढे जातो, मग ते आपल्या दृष्टीने कितीही निरर्थक असो. आता देवनागरीत या पाचांवर कोण बसतं ते पाहा. ८१ वर चंद्रबिंदू आणि ऱ्हस्व उकार. ८डी वर हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. तीच जोडाक्षराच्या पोटात असते. ८एफ वर ए. ९० वर ऐ आणि ॐ. ९डी वर झ.

म्हणजे "सोलापूर" लिहिलं तर एरर येत नाही, कारण दीर्घ ऊकाराचा शेवटचा बाइट ८२ आहे आणि त्या घरात एक चिन्ह आहे. "सोलापुरी" लिहिलं की येतो. शुद्धलेखनाच्या नियमाने उकार ऱ्हस्व झाला आणि पॅकेज बसायचं थांबलं! हे कळल्यावर मला राहवेना. मी जिल्ह्यातले अकरा तालुके एकाखाली एक लिहिले आणि एकेक नाव त्या तक्त्यातून काढून पाहिलं. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, माढा, करमाळा, माळशिरस ही सात नावं बिनबोभाट पार झाली. उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, बार्शी आणि अक्कलकोट अडकली, चौघांच्याही पोटात जोडाक्षर आहे म्हणून. मशीन मराठी वाचत नाही, असं जे आपण सरसकट म्हणतो ते खरं नाही. ते सातही नावं वाचत नव्हतंच, फक्त चौघांच्या वेळी बोलत होतं. या फरकाने पुढे आम्हाला चांगलंच गाठलं, ते ओघात सांगते.

अण्णांच्या घरची भाषा तेलुगू. मागावरच्या लोकांसाठी काही सूचना ते तेलुगूत लिहून देतात, आणि इंडी-विजयपूर बाजूच्या व्यापाऱ्यांची नावं आमच्याकडे कन्नडमध्येही छापतात. त्याही फाइली पॅकेजमध्ये आहेत. तेलुगू हलन्ताचे बाइट ई०, बी१, ८डी. कन्नडचे ई०, बी३, ८डी. मराठीचे ई०, ए५, ८डी. शेवटचा बाइट तिन्हींत एकच, कारण युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्की संकेतावरून घेतली आणि प्रत्येक लिपीला १२८ घरांचा एकसारखा चौक दिला. हलन्त प्रत्येक चौकात त्याच घरावर. तिन्ही लिप्यांचा ऱ्हस्व उकारही असाच ८१ वर. सोलापूरसारख्या गावात, जिथे एकाच गल्लीत तिन्ही भाषांच्या पाट्या असतात, ही एक ओळख कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. चारमॅपच्या एररमध्ये ८डी दिसला की कुठल्या तरी आपल्या लिपीतलं जोडाक्षर अडलंय असं धरायचं आणि शोधायला लागायचं.

आता उपायांकडे. वहिनींच्या ओळखीतल्या एकाने फोनवर सांगितलं होतं, "रीडमीतलं मराठी काढून टाका, इंग्रजीत लिहा, लगेच बसेल." लगेच बसेल हे खरंच. पण हा सल्ला मला मनापासून पटत नाही. रीडमीत कोणतं बटण दाबल्यावर कोणतं लेबल निघतं हे लिहिलेलं आहे, आणि ते वाचणार आहेत वहिनी आणि पॅकिंगमधली मुलं. त्यांच्यासाठी लिहिलेला मजकूर त्यांच्याच भाषेतून काढायचा, कारण एका ओळीत एक शब्द राहिला? अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ताण्यातला धागा तुटला की ड्रॉप पिन पडते न् माग थांबतो. थांबला म्हणून कुणी कापड कापतं का? धागा शोधायचा." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

दुसरा सल्ला जास्त घातक, आणि तो सगळीकडे मिळतो. फाइल उघडताना एररकडे दुर्लक्ष कर असं सांगायचं, म्हणजे 'इग्नोर' लावायचं. लावलं की लाल अक्षरं जातात. पण जातात कशी? तक्त्यात ज्या बाइटला घर नाही तो गुपचूप टाकून दिला जातो. प्रत्येक हलन्ताचा तिसरा बाइट गळतो, मागे दोन बाइट लोंबकळत राहतात, आणि "सिद्धेश्वर" परत कधीच जुळवता येत नाही. थांबणारा प्रोग्राम परवडला. नाव गाळून पुढे जाणाऱ्या प्रोग्रामने छापलेलं लेबल गठ्ठ्यावर चिकटून ट्रान्सपोर्टला गेलं की त्याचं काय करणार?

तिसरा सल्ला निरुपद्रवी, पण वेळ खाणारा. काळ्या खिडकीत 'सीएचसीपी ६५००१' टाइप करा. त्याने खिडकीचं कोडपेज बदलतं, म्हणजे पडद्यावर अक्षरं कशी दिसावीत हे. फाइल उघडताना पायथॉन जे विचारतो ते मशीनचं वेगळं कोडपेज असतं, त्याला याने धक्काही लागत नाही.

आम्ही केलं ते असं. पायथॉन ३.७ पासून यूटीएफ-८ मोड आहे. 'पायथॉनयूटीएफ८' या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (खिडकीतून सुरू होणाऱ्या प्रोग्रामांना मिळणारी एक नोंद), रोमन कॅपिटल अक्षरांत सलग लिहून, त्याची किंमत १ ठेवायची. मग त्या खिडकीतून चालणारा पायथॉन मशीनला न विचारता सगळं यूटीएफ-८ धरतो. हीच गोष्ट पायथॉनला आडवी रेघ, कॅपिटल एक्स आणि यूटीएफ८ असा पर्याय देऊनही होते, पण पिपसाठी ती पुरत नाही. पिप पॅकेज बांधताना दुसरा पायथॉन सुरू करतो, तोच तो सबप्रोसेस. पर्याय पहिल्या पायथॉनपुरता राहतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या दुसऱ्या पायथॉनपर्यंतही वारशाने जातो.

एक बारीक खाच इथे आहे. सीएमडीच्या, म्हणजे त्या काळ्या, खिडकीत 'सेट' ची आज्ञा आणि पिपची आज्ञा एकाच ओळीत दोन अँपरसँड घालून जोडली, तर १ नंतरची मोकळी जागासुद्धा किमतीत धरली जाते. पायथॉनला १ किंवा ० च चालतं. "१ आणि एक जागा" मिळालं की तो सुरूच होत नाही, सुरू होतानाच मोडतो. आणि माणसाला वाटतं, आता पायथॉनच बिघडला. दोन वेगळ्या ओळी लिहायच्या. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या खिडकीत 'सेट' ची रीत चालत नाही, तिथे डॉलर, ईएनव्ही आणि कोलन अशी सुरुवात करून लिहावं लागतं.

व्हेरिएबल ठेवला, पिप चालवला, पॅकेज बसलं. वहिनींनी लगेच सांगोल्याच्या एका गठ्ठ्याचं लेबल काढलं आणि कागद माझ्यासमोर धरला. मालाचं नाव ठीक. गावाच्या जागी मात्र वेगळंच काही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार कोपऱ्यांना चार काटे असलेलं गोल चिन्ह, मग एक स्वल्पविरामासारखं काही, परत तोच ए, आणि मधूनच जपानी येनचं चिन्ह.

हा छाप एकदा ओळखता आला की पुन्हा चुकत नाही. ई० या बाइटचं सीपी-१२५२ मधलं चिन्ह म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ई० ने सुरू होतं, म्हणून तो दर तीन चिन्हांनी येत राहतो. दुसरा बाइट ए४ असेल तर काट्यांचं गोल, ए५ असेल तर येन. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी ए४ मध्ये. दुसऱ्या वेलांटीपासून पुढचे उकार, मात्रा, हलन्त ए५ मध्ये. डोळ्यांना सवय झाली की त्या कचऱ्यातूनही कळतं, इथे व्यंजन आहे, इथे मात्रा आहे.

घडलं होतं ते सरळ होतं. व्हेरिएबल त्या एका खिडकीपुरता होता. वहिनींनी लेबल काढलं डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून, तिथे तो नव्हता. गावांच्या याद्या लाइननुसार वेगळ्या फाइलींत आहेत, आणि पंढरपूर लाइनच्या फाइलीत होती पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला. ती चारही बिनबोभाट पार होणारी नावं! एकही रिकामं घर लागलं नाही, म्हणून एररही नाही. बार्शी लाइनचं लेबल काढलं असतं तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबला असता आणि कागद वाया गेला नसता. पार झालेली नावं वाचली गेली असं समजून चालायचं नाही, ते हे.

तेव्हा खिडकीतला उपाय त्या दिवसापुरता आणि खरी दुरुस्ती पॅकेजमध्ये, असं ठरवलं. पुण्याला फोन केला. त्याने विचारलं, "मॅडम, सगळीकडे बदलू? किती जागा असतील कुणास ठाऊक." शोधायची सोय पायथॉनमध्येच आहे. ३.१० पासून एक इशारा चालू करता येतो, एन्कोडिंग वॉर्निंग नावाचा. तो चालू ठेवून प्रोग्राम चालवला की जिथे जिथे फाइल एन्कोडिंग न सांगता उघडली जाते त्या ओळीचा क्रमांक समोर येतो. रीडमी उघडणारी ओळ आलीच, पण गावांच्या याद्या, लेबलाचा साचा, तेलुगू सूचना, सगळ्यांच्या ओळी आल्या. प्रत्येक ठिकाणी कंसात एन्कोडिंग बरोबर यूटीएफ-८ एवढं घातलं. संध्याकाळपर्यंत त्याने नवी आवृत्ती पाठवली आणि ती कोणताही व्हेरिएबल न ठेवता बसली.

तोवर निघालेल्या खराब लेबलांच्या नोंदी एका फाइलीत साठल्या होत्या, आणि ती फाइल मात्र यूटीएफ-८ सांगूनच लिहिली जात होती, त्यामुळे कचरा पक्का होऊन बसलेला. तो सोडवता आला, कारण एकही बाइट हरवला नव्हता. उलट्या वाटेने जायचं: ती चिन्हं सीपी-१२५२ ने परत बाइटांत बदलायची, आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. सांगोला पुन्हा सांगोला झालं. इग्नोर लावलेलं असतं तर हा परतीचा रस्ता जोडाक्षरांसाठी बंद होता.

व्यापाऱ्यांच्या यादीचं एक वेगळंच लचांड होतं. वहिनी ती एक्सेलमध्ये ठेवतात आणि यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह करतात. त्या फाइलीच्या तोंडाला एक्सेल तीन बाइटांची एक अदृश्य खूण लावतो, ईएफ, बीबी, बीएफ, तिला बॉम म्हणतात. यूटीएफ-८ म्हणून वाचताना ती पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटून येते. पडद्यावर "नाव" दिसतं, प्रोग्राम म्हणतो "नाव" असा स्तंभच नाही. तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असं लिहिलं की खूण असली तर ती सोलली जाते, नसली तरी बिघडत नाही. याच धर्तीवर, जुन्या विंडोज पॉवरशेलमधून पिप फ्रीझची, म्हणजे बसवलेल्या पॅकेजेसची, यादी बाणाने फाइलीत ओतली तर ती यूटीएफ-१६ मध्ये जाते. पिप ती सांभाळून घेतो, पण दुसरी अवजारं "पोझिशन शून्यावर एफएफ" म्हणून थांबतात. पोझिशन शून्य आणि एफएफ हे दोन्ही एकत्र दिसले की मजकुरात काही शोधत बसायचं नाही, फाइल नव्याने सेव्ह करायची.

आणखी एक यादी निघाली, जुन्या डीटीपीवाल्याकडून आलेली, फॉन्टवाल्या मराठीची. ती कुठल्याही मशीनवर कुठेच अडत नाही, कारण तिच्या आत सगळी साधी रोमन अक्षरं आहेत आणि मराठी फक्त फॉन्टच्या मुखवट्यात आहे. सोलापुरात लग्नपत्रिकांपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत कितीतरी मजकूर असा पडून आहे. तो युनिकोडमध्ये आणण्याचं काम वेगळं आणि मोठं आहे, आणि कुणीतरी ते करायला हवं.

अण्णांच्या घरच्या मशीनवर मामला निराळा होता. अण्णांच्या मुलाने विंडोजचं खातं उघडताना नाव मराठीत टाइप केलेलं, म्हणून सी ड्राइव्हवरच्या युजर्समधलं त्यांचं फोल्डरही देवनागरीत. आताचा पायथॉन अशा फोल्डरशी नीट वागतो, ३.६ पासून विंडोजवर फाइलींच्या नावांसाठी तो युनिकोडच वापरतो. पण पॅकेजच्या एका घटकात सी भाषेतला भाग होता आणि त्या आवृत्तीचं तयार व्हील, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली प्रत, मिळालं नाही, म्हणून पिपने तो तिथेच बांधायला घेतला. बांधकाम होतं टेंप फोल्डरमध्ये, आणि टेंप असतं युजरच्याच फोल्डरात. मध्ये लागणाऱ्या एका जुन्या अवजाराला रस्ता दिला तेव्हा देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरली, आणि अशा नावाचं फोल्डर सापडत नाही म्हणून ते थांबलं. अण्णा म्हणाले, "मग माझं नाव बदलू का?" सेटिंगमध्ये जाऊन खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं, त्यामुळे तसंही काही साधलं नसतं. डी ड्राइव्हवर रोमन नावाचं एक फोल्डर केलं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेस वेगळी ठेवायची पायथॉनची जागा) तिथे ठेवलं, टेंप आणि टीएमपी हे दोन्ही व्हेरिएबल तिकडे वळवले. त्या घटकाची थोडी आधीची, तयार व्हील असलेली आवृत्ती घेतली. अण्णांचं खातं त्यांच्या नावाने तसंच आहे.

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा' असा एक चौकोन आहे, त्यावर बीटा लिहिलेलं आहे. तो टिचकीने चालू केला तर सगळ्या मशीनचंच कोडपेज यूटीएफ-८ होतं आणि वर सांगितलेलं बरंचसं आपोआप मिटतं. नव्या, मोकळ्या मशीनवर मी तो खुशाल चालू करीन. ऑफिसच्या मशीनवर नाही केला. तिथे बिलांचा एक जुना प्रोग्राम आहे, तो आपलं मराठी एका बाइटच्या हिशोबाने ठेवतो. त्याला यूटीएफ-८ च्या खोलीत कोंडलं तर कित्येक वर्षांची बिलं वाचता येणार नाहीत. लेबलांसाठी बिलं धोक्यात घालायची नाहीत, हे वहिनींनाही लगेच पटलं.

शेवटचं ठाणं होतं भाड्याचा सर्व्हर, जिथे रात्री नोंदींची प्रत जाते. उबुंटू १८.०४, त्यात पायथॉन ३.६. माझ्या लॅपटॉपची भाषा मराठी आहे, आणि एसएसएचने, म्हणजे लांबून सर्व्हरवर जायच्या सोयीने, आत गेलं की ही आवडही सोबत जाते. लोकेलचे, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगचे, व्हेरिएबल पलीकडे पाठवायची सोय चालूच असते. सर्व्हरवर मराठी लोकेल तयार केलेलं नव्हतं. मग ॲप्ट या उबुंटूच्या अवजाराने काहीही बसवायला गेलं की त्यात वापरलेलं पर्ल तक्रार करायचं, लोकेल लावता आलं नाही, एमआर-आयएन (मराठी, भारत) सापडत नाही. लोक ही तक्रार सोडून देतात, कारण पॅकेज बसतं. पण लोकेल मिळालं नाही की सर्व्हर 'सी' या मूळ लोकेलवर येतो, आणि पायथॉन ३.६ 'सी' चा अर्थ आस्की घेतो. आस्कीला १२७ च्या पुढचं काहीच माहीत नाही. त्यामुळे पॅकेजच्या जुन्या आवृत्तीचा इथला एरर वेगळा दिसला: 'आस्की' कोडेकला ई० उलगडत नाही. इथे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही; देवनागरीतल्या पहिल्याच चिन्हाचा पहिलाच बाइट ई० आणि तिथेच गाडी अडते. पोझिशन २. हॅश, जागा, आणि "सोलापुरी" मधला स.

लोकेल-जेनला एमआर-आयएन सांगून सर्व्हरवर मराठी लोकेल तयार केलं आणि पर्ल गप्प झालं. डेबियन असेल तर त्यासाठी लोकेलच्या यादीतल्या त्या ओळीपुढचा हॅश काढावा लागतो. ज्या क्रॉन कामातून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) प्रत जाते ते माझ्या एसएसएचवर अवलंबून नसतं, म्हणून त्याच्या डोक्यावर एलसी-ऑल बरोबर सी डॉट यूटीएफ-८ अशी स्वतंत्र ओळ घातली. पायथॉन ३.७ पासून 'सी' लोकेल दिसलं तरी तो यूटीएफ-८ कडे वळतो, तेव्हा नव्या सर्व्हरवर एवढं करावं लागणार नाही.

अकरा तालुक्यांची ती यादी आता पॅकेजच्या चाचण्यांमध्ये आहे. जोडीला "सोलापुरी", "एकरुख", "सिद्धेश्वर" आणि झ ने सुरू होणारं एक नाव, म्हणजे पाच रिकाम्या घरांतलं प्रत्येक घर कुठे ना कुठे लागतं; ९० साठी ॐ घातला. तेलुगू आणि कन्नडचे शब्द अण्णांनी दिले. पॅकेजची प्रत्येक आवृत्ती आधी या नावांतून जाते, आणि चाचणी नाव पार झालं की नाही एवढ्यावर थांबत नाही, वाचलेलं अक्षर न् अक्षर मूळ नावाशी ताडून बघते.

पायथॉन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग धरायचं ठरलं आहे. पुण्याच्या मुलाने विचारलं, मग कंसातलं ते लिहिणं काढायचं का तेव्हा? नाही. ऑफिसच्या मशीनवर ३.११ आहे, ते नीट चालतंय, आणि पुढची कित्येक वर्षं कुठल्या ना कुठल्या कारखान्यात असं मशीन असणारच. ती ओळ राहू दे, असं मी त्याला कळवलं.